पडल्यावर चालता येतंय, म्हणून मणका शाबूत आहे असं नाही

पत्र : डॉक्टर, मी पुण्यात नोकरी करते. माझी आई ६८ वर्षांची आहे. कणकवली तालुक्यातल्या आमच्या गावी एकटीच राहते, शेजारी काका-काकू आहेत. नऊ दिवसांपूर्वी सकाळी मागल्या दारच्या पायरीवर शेवाळावरून तिचा पाय घसरला आणि ती दाणकन खाली बसली. डोक्याला लागलं नाही. स्वतःच उठली, घरात आली, चहासुद्धा केला. तेव्हापासून पाठीत चमक आहे. कुशीवर वळताना आणि अंथरुणातून उठताना ओरडते, पण एकदा उभी राहिली की हळूहळू सगळं करते. पाय दुखत नाहीत. मेडिकलमधून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या घेतेय. काकू म्हणतात उसण भरलीय, पलीकडच्या वाडीत एक पायाळू आहे, त्याच्याकडून पाय लावून घेऊ. मालीश करणारेही एक आजोबा आहेत. आईला दमा आहे, पंधरा-सोळा वर्षं त्याच्या गोळ्या अधूनमधून चालू असतात. डॉक्टरकडे चल म्हटलं की म्हणते, ‘चालता येतंय ना मला? गणपती झाल्यावर बघू.’ गणपतीला अजून अठरा दिवस आहेत. थांबावं का? आणि पडल्यानंतरच्या पाठदुखीत डॉक्टरकडे कधी जायचं, हे आमच्यासारख्यांना कळायचं कसं? – एक मुलगी, पुणे

उत्तर :

ताई, थांबू नका. उद्या किंवा फार तर परवा आईंच्या पाठीचा एक्स-रे निघायला हवा. तोवर त्यांच्या पाठीला कुणाचा पाय लागू देऊ नका आणि मालीशही नको. हे काकूंना आजच फोन करून सांगा. बाकीचं वाचायला नंतर वेळ काढलात तरी चालेल.

तुमच्या पत्रात चार गोष्टी अशा आहेत की त्या एकत्र वाचल्यावर माझ्या मनात मणक्याचं फ्रॅक्चर हेच पहिलं येतं. वय ६८. दम्याच्या गोळ्या. पडण्याची तऱ्हा, म्हणजे ढुंगणावर दाणकन बसणं. आणि दुखण्याची तऱ्हा, म्हणजे वळताना आणि उठताना जीव जातो, पण स्थिर उभं राहिलं की बरं वाटतं. फ्रॅक्चर आहेच असं मी पत्रावरून म्हणू शकत नाही. पण ते नाही, असं एक्स-रेशिवाय कुणीच म्हणू नये.

दम्याच्या गोळ्यांचं आधी सांगते, कारण घरोघरी हा दुवा कुणाच्या लक्षात येत नाही. ‘दम्याच्या गोळ्या’ म्हणून जे वर्षानुवर्षं अधूनमधून दिलं जातं त्यात पुष्कळदा प्रेडनिसोलोन असतं, म्हणजे स्टिरॉइड. दम लागल्यावर ते जीव वाचवतं, मी त्याच्या विरोधात अजिबात नाही. पण ते पोटात जात राहिलं तर हाडं आतून पोकळ होत जातात, आणि सगळ्यांत आधी होतात ते मणके. त्यात पाळी जाऊन वीसेक वर्षं झालेली. अशा हाडाला मोडायला जिन्यावरून कोसळावं लागत नाही. पायरीवर बसकण मारली तरी पुरतं. कधी पाण्याने भरलेली कळशी उचलताना किंवा एसटीत मागच्या सीटवर बसल्यावर खड्ड्यात आदळूनही मणका बसतो, म्हणजे चेपतो. आईंच्या गोळ्यांची पाकिटं काकूंना वाचायला सांगा आणि डॉक्टरांकडे जाताना सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या. हे वाचून घाबरून त्या गोळ्या एकदम बंद करू नका. स्टिरॉइड अचानक थांबवणं वेगळं आणि मोठं संकट असतं.

आता ‘चालता येतंय ना मला?’ या वाक्याकडे येते. गेली कित्येक वर्षं मी हे वाक्य ऐकते आहे, आणि आईंच्या पिढीच्या बायका ते ज्या ठामपणे म्हणतात त्यापुढे मुलं गप्प बसतात. हात मोडला तर हात लोंबतो, पाय मोडला तर पाय टेकवत नाही, म्हणून आपल्याला वाटतं की हाड मोडलं की माणूस जागचा हलत नाही. मणक्याचं तसं नाही. मणका म्हणजे पुढच्या बाजूला एक जाड, डब्यासारखा भाग आणि मागच्या बाजूला कमानी. ढुंगणावर आपटल्यावर धक्का सरळ वर चढतो आणि त्या डब्याचा पुढचा भाग चेपतो. बाजूने पाहिलं तर मणका पाचरीसारखा दिसू लागतो. मागची कमान बहुतेकदा शाबूत राहते, मागून जाणाऱ्या मज्जारज्जूला धक्का लागत नाही, त्यामुळे पाय चालतात. माणूस चहा करतो, देवपूजा करतो, विहिरीवर जातो. हाड मात्र मोडलेलं असतं. मणक्याच्या अशा फ्रॅक्चरपैकी साधारण एक तृतीयांशच वेळेत ओळखली जातात. बाकीच्यांना ‘वयानुसार पाठदुखी’ म्हणून सोडून दिलं जातं. आजी दोन-तीन वर्षांत बुटकी झाली, पाठीला पोक आला, पातळाच्या निऱ्या आता लांब पडतात, असं घरात बोललं जातं ना? त्यातल्या कितीतरी आज्यांचे मणके कधीतरी असेच गुपचूप बसलेले असतात.

माझ्या मावशीच्या बाबतीत हे झालं. मी तेव्हा नुकतीच डॉक्टर झाले होते. ती न्हाणीत घसरून बसली, दुसऱ्या दिवशी स्वतः चालत माझ्याकडे आली, आणि मी तिचे पाय हलतात, संवेदना आहे हे पाहून ‘स्नायू आखडलाय’ म्हणून गोळ्या दिल्या. सहा आठवडे ती बरगड्यांखालून पोटाकडे येणाऱ्या कळा सांगत राहिली आणि मी गॅसवरचं औषध बदलत राहिले. मणका पूर्ण बसल्यावर एक्स-रे निघाला. तिच्या पाठीचा तो बाक कधीच गेला नाही. बरगड्यांना वेढून पोटाकडे येणारी कळ ही मणक्याच्या नसेची असू शकते, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. घरच्या माणसाच्या तोंडून ऐकताना ते आठवलं नाही. म्हणून आज पत्रात ‘पडली’ आणि ‘वय’ हे दोन शब्द दिसले की मी आधी एक्स-रे म्हणते.

एक्स-रेबद्दल एक बारीक गोष्ट सांगते, ती कृपा करून विसरू नका. वरचे बारा पाठीचे मणके बरगड्यांशी बांधलेले असतात आणि खालचे पाच कमरेचे मोकळे असतात. ताठ भाग संपून मोकळा भाग सुरू होतो तिथेच, म्हणजे पाठीचा शेवटचा आणि कमरेचा पहिला मणका या जोडावर, पडल्यानंतरची फ्रॅक्चर सगळ्यांत जास्त होतात. गंमत अशी नाही, तर गोची अशी की या जागेचं दुखणं पुष्कळदा खाली, कमरेच्या हाडाजवळ जाणवतं. पेशंट ‘कंबर’ म्हणतो, तिथे बोट दाखवतो, आणि फक्त कमरेचा एक्स-रे निघतो. त्यात मोडलेला मणका फिल्मच्या वरच्या काठाला कापला जातो आणि रिपोर्ट येतो ‘नॉर्मल’. म्हणून डॉक्टरांना सांगा, ‘बसकण आपटलीय, पाठ आणि कमरेच्या जोडाचाही एक्स-रे हवा, समोरून आणि बाजूने.’ डॉक्टर ‘डी-एल स्पाइन’ म्हणतील, तेच ते. त्यांनी पाठीच्या मधोमध मणक्यांवरून वरपासून खालपर्यंत बोटाने हलकं ठोकून पाहिलं आणि एका ठिकाणी आई किंचाळल्या, तर ती जागा नक्की एक्स-रेत यायला हवी.

पहिला एक्स-रे स्वच्छ आला तरी निश्चिंत होऊ नका. ताज्या फ्रॅक्चरमध्ये पहिल्या दिवसांत पुष्कळदा मणक्याची उंची कमी झालेली नसते, त्यामुळे ते निसटतं. दोन आठवड्यांनी दुखणं तसंच असेल तर पुन्हा एक्स-रे किंवा एमआरआय करायचा. एमआरआयमध्ये हाडाच्या आतली ताजी सूज दिसते, त्यामुळे फ्रॅक्चर आताचं की जुनं हेही कळतं. एक्स-रेसाठी कणकवलीपर्यंत गेलं तरी पुरे. एमआरआयसाठी तुमच्याकडची माणसं कोल्हापूरला किंवा गोव्यात बांबोळीला जातातच, पण ती पायरी आज चढायची नाही.

आता पायाळूचं. पायाने जन्मलेल्या माणसाने पाठीला पाय लावला की उसण जाते, हा समज तुमच्याकडेच नाही, घाटावरही घरोघर आहे. मी त्या माणसांना नावं ठेवणार नाही, ती कुणाचं वाईट चिंतत नाहीत. उसण किंवा चमक, म्हणजे स्नायू एकदम आखडणं, ही मुळात दोन-चार दिवसांत आपोआप सुटते, त्यामुळे पाय लावल्यावर बरं वाटल्याचा अनुभव खराच असतो. पण ती उसण भरते वाकताना, वळताना, काहीतरी उचलताना. पडल्यानंतर जे दुखतं त्याला उसण म्हणायचं नाही. हा फरक काकूंना त्यांच्याच भाषेत सांगा, त्यांना पटेल. ठिसूळ, चेपलेल्या मणक्यावर वरून दाब आला तर हाडाचा तुकडा मागे सरकून मज्जारज्जूवर जाऊ शकतो, आणि मग जी बाई चहा करत होती तिचे पाय जातात. जोरदार मालीश, पालथं झोपवून पाठीवर गुडघा देणं, ‘कट्ट’ आवाज काढून मणका ‘बसवणं’, हे सगळं याच खात्यात येतं. प्रेमाने कुणी हलकं तेल लावून दिलं तर हरकत नाही, पण आज त्याचीही घाई नको.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळते. आज रात्री आईंना फोन करा आणि काही गोष्टी विचारा. उत्तरांत खाली सांगते तशी धोक्याची खूण निघाली तर एक्स-रेची उद्याची वाट न पाहता रात्रीच मोठ्या रुग्णालयात न्यायचं.

सगळ्यांत आधी लघवीचं विचारा. मला माहीत आहे, या वयाची बाई मुलीलाही हे आपणहून सांगत नाही. म्हणून ‘काही त्रास नाही ना?’ असं मोघम विचारू नका. थेट विचारा : लघवीला लागल्याचं कळतं का? बसल्यावर लगेच सुरू होते की वाट पाहावी लागते? पूर्ण झाल्यासारखं वाटतं का? नकळत कपडे ओले होतात का? शौचाला गेल्यावर धुताना तिथे हात लागलेला जाणवतो का, की बधिर वाटतं? मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो आणि तिथून खाली नसांचा एक झुबका जातो, घोड्याच्या शेपटीसारखा. पाय, मूत्राशय, गुदद्वार आणि मांड्यांच्या मधली जागा, सगळं त्या झुबक्याच्या ताब्यात असतं. तो दाबला गेला की पहिली खूण पुष्कळदा पायात नाही, लघवीत दिसते. आणि इथे एक फसवणूक असते : मूत्राशय तुडुंब भरून थेंब-थेंब गळत असतं आणि घरचे म्हणतात, ‘लघवी होतेय की!’ होत नसते, ओसंडत असते. ही खूण दिसली की तासांचा हिशोब असतो. दाब शस्त्रक्रियेने जितक्या लवकर काढला तितकं मूत्राशय परत येण्याची आशा जास्त, आणि पहिल्या एक-दोन दिवसांनंतर ती झपाट्याने कमी होते. दुखण्याच्या गोळ्यांनी किंवा बद्धकोष्ठानेही लघवी अडते, हे खरं. पण कशामुळे अडली ते घरी बसून ठरवता येत नाही.

मग पायांचं. काकूंना सांगा, आईंना खाटेवर उताणं झोपवून दोन्ही पावलांचे अंगठे स्वतःकडे ओढायला लावा आणि त्यावर आपल्या हाताने दाब द्या. दोन्ही बाजूंचा जोर सारखा हवा. चालताना चप्पल पायातून निसटते का, गुडघा अचानक मुडपतो का, पायाला मुंग्या येऊन त्या वर चढत जातात का, हे विचारा. एका पायात मुंग्या येऊन जात असतील तर दोन दिवसांत दाखवलं तरी चालतं. दोन्ही पायांत असतील किंवा जोर कमी होत असेल तर थांबायचं नाही. आणि हे एकदा विचारून संपत नाही. ठिसूळ हाडातलं फ्रॅक्चर पुढचे काही आठवडे हळूहळू आणखी बसू शकतं, त्यामुळे आज ठीक असलेले पाय पंधरा दिवसांनी लटके पडू शकतात. एक्स-रे झाला, पट्टा मिळाला, तरी हे प्रश्न महिनाभर चालू ठेवा.

पाठीवर, बरगड्यांखाली कडेला मार बसला असेल आणि लघवी लाल किंवा चहासारखी होत असेल तर मूत्रपिंडाला इजा झालेली असू शकते. त्यालाही त्याच दिवशी रुग्णालय. पोट फुगत जाणं, चक्कर येऊन घाम फुटणं, श्वास घेताना छातीत टोचणं, हेही तसंच. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाला, म्हणजे हृदयाचा स्टेंट बसवलेल्या किंवा झडप बदललेल्या माणसाला, पडल्यावर बाहेरून काही दिसत नसलं तरी दाखवून घ्यावं. त्यांना आत रक्त साठत राहतं. डोक्याला साधी टक्कर लागली असेल तर दोन-तीन आठवड्यांनी गुंगी, डोकेदुखी, बोलण्यात गोंधळ येतो का यावर लक्ष ठेवावं. तुमच्या आईंना डोक्याला लागलेलं नाही, म्हणून हे फक्त इतरांसाठी.

मान दुखत असेल तर नियम आणखी कडक. वय ६५ च्या वर असेल, तीन फुटांवरून किंवा पाच पायऱ्यांवरून पडणं असेल, किंवा हातापायांना मुंग्या असतील, तर मानेचा एक्स-रे किंवा स्कॅन केल्याशिवाय मान फिरवून पाहायची नाही.

उंचावरून पडलेल्यांचं वेगळं. कोकणात आंबा काढताना, नारळ-पोफळीवर चढलेला, कौलं शाकारताना घरावरून पडलेला माणूस दुखो न दुखो, रुग्णालयात गेलाच पाहिजे. तो उभा पडला असेल आणि टाच सुजली असेल तर टाचेबरोबर पाठही तपासायची, कारण टाचेतून चढलेला धक्का कमरेच्या मणक्याला मोडून जातो. टाचेच्या वेदनेपुढे पाठ आठवत नाही, आणि मग आठवड्याने कळतं. अशा माणसाला उचलताना आपल्याकडे जे होतं ते पाहून माझा जीव वर-खाली होतो. एकाने काखेत हात घालायचे, दुसऱ्याने पाय धरायचे आणि झोळीसारखं उचलून मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवायचं. मोडलेला मणका त्या झोळीत दुमडतो. पडलेल्याला जागेवरच राहू द्या, मान हलवू नका, १०८ ला फोन करा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका २०१४ पासून आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. रस्ता तिथवर येत नसेल तर चार-पाच जणांनी डोकं, खांदे, कंबर, पाय एका ओळीत ठेवून ओंडक्यासारखं एकदम कुशीवर वळवायचं, खाली दाराची फळी सरकवायची आणि फळीसकट न्यायचं.

तुमच्या आई नऊ दिवस चालत आहेत, त्यांना फळी लागणार नाही. पण रिक्षा नको. तुमच्या रस्त्यावरचे पावसाळ्यातले खड्डे आणि रिक्षातलं बसणं हे दोन्ही बसक्या मणक्याला वाईट. ओळखीच्यांची गाडी सांगा, पुढची सीट मागे रेलवा, पाठीला उशी द्या, आणि गाडी सावकाश चालवायला सांगा. अंथरुणातून उठताना सरळ कंबर वाकवून उठायचं नाही. आधी कुशीवर वळायचं, दोन्ही पाय खाटेखाली सोडायचे, मग हाताच्या कोपराने स्वतःला वर ढकलायचं. आजच हे करून पाहू द्या, अर्धं ओरडणं कमी होईल. खाली अंथरूण घालून झोपत असतील तर खाट मिळवा.

आणि ‘कंबर’ या शब्दाबद्दल एक सांगायचंच आहे. आपल्याकडे पाठीचा खालचा भागही कंबर, माकडहाडही कंबर आणि खुबाही कंबरच. ‘आजीची कंबर मोडली’ असं म्हणतात तेव्हा बहुतेकदा खुब्याचं हाड मोडलेलं असतं. फोनवर ‘कंबर दुखते’ ऐकलं की कुणालातरी बोट लावून जागा दाखवायला सांगा. दुखणं जांघेत असेल, पाय टेकवत नसेल, झोपल्यावर एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसत असेल, तर तो खुबा, आणि तो त्याच दिवशीचा मामला. दोन ढुंगणांच्या मधे, फक्त बसल्यावर दुखत असेल तर माकडहाड. त्याला सहसा काही करावं लागत नाही, मधे खाच असलेल्या उशीवर बसायचं, काही आठवड्यांत शमतं.

मेडिकलमधल्या गोळ्यांची मला जास्त काळजी वाटते आहे. दमा असलेल्या काही जणांना डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन या जातीच्या गोळ्यांनी दम्याचा जोरदार झटका येतो. शिवाय स्टिरॉइडबरोबर त्या घेतल्या तर पोटात व्रण होऊन रक्तस्राव होण्याची भीती वाढते. शौचाला डांबरासारखं काळं होतंय का ते विचारा, होत असेल तर तेही तातडीचं. एक्स-रेपर्यंत साधं पॅरासिटामॉल, ५०० ची एक गोळी, गरज पडल्यास दिवसातून चार वेळा, यकृताचा आजार नसेल तर. मेडिकलच्या जोडगोळ्यांतही पुष्कळदा पॅरासिटामॉल असतंच, म्हणून दोन्ही एकत्र घ्यायचं नाही.

फ्रॅक्चर निघालं तर घाबरू नका. मज्जारज्जू सुरक्षित असेल तर अशा बहुतेक फ्रॅक्चरना शस्त्रक्रिया लागत नाही. दुखणं आवरतील अशी औषधं, काही आठवडे पट्टा आणि लवकर चालतं करणं. महिनाभर अंथरुणावर पाडून ठेवू नका, झोपून हाडं आणखी ठिसूळ होतात, पायांत गुठळ्या होतात, छाती भरते, आणि दम्याच्या माणसाला ते परवडत नाही. पण ‘तीन महिन्यांत हाड भरलं’ म्हणून फाइल बंद करू नका, खरं काम तिथून पुढे आहे. हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी करून घ्यायची आणि हाडं मजबूत करण्याचं औषध सुरू करायचं : आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी किंवा वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं इंजेक्शन, जे त्यांना झेपेल ते, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या जोडीने. एक मणका बसलेल्या बायकांपैकी साधारण पाचातल्या एकीचा वर्षाच्या आत दुसरा बसतो. आपल्याकडे पट्टा सगळ्यांना मिळतो, हे औषध फार थोड्यांना. तुम्ही मागून घ्या.

तरुण, धडधाकट माणूस सपाट जमिनीवर पडला असेल, दुखणं मधोमध हाडावर नसून कडेच्या स्नायूंत असेल, रोज थोडं-थोडं कमी होत असेल, तर घरी राहायला हरकत नाही. पहिले दोन दिवस फडक्यात गुंडाळून बर्फ, मग शेक, आणि झेपेल तितकं हिंडणं. दोन आठवड्यांत निम्म्याने तरी कमी व्हायला हवं. ज्याची पाठ आधीपासूनच वातामुळे बांबूसारखी ताठ झाली आहे त्याला ही सवलत नाही, तसली पाठ हलक्या धक्क्यानेही मोडते. गरोदर बाईलाही नाही, तिने पडल्यावर पाठ दुखो न दुखो बाळासाठी दाखवून यायचं. आणि पडणं निमित्त असून दुखणं मुळात आधीचं असेल, रात्री स्वस्थ झोपल्यावरही ठणकत असेल, संध्याकाळी बारीक ताप येत असेल, वजन उतरत असेल, तर मणक्याचा क्षय किंवा कुठून पसरलेला कर्करोग तर नाही ना, हे पाहावं लागतं. मणक्याचा क्षय आपल्याकडे अजूनही पुष्कळ दिसतो आणि औषधांनी पूर्ण बरा होतो, वेळेत सापडला तर.

आई पडल्या कशा, हेही एकदा विचारून घ्या. शेवाळावरून घसरल्या हे बरोबर, पण त्याआधी डोळ्यांपुढे अंधारी आली होती का? उठल्यावर तोल जातो का? मोतीबिंदूमुळे पायरी दिसली नाही का? तसं असेल तर रक्तदाब झोपून आणि उभं राहून दोन्ही वेळा मोजायला सांगा.

राहता राहिले गणपती. आईंशी वाद घालू नका, त्यांना तारखा सांगा. एक्स-रेला अर्धा दिवस लागतो. फ्रॅक्चर नसलं तर अठरा दिवस मोकळे. असलं तर पट्टा बांधून गणपतीपर्यंत त्या घरात हिंडत्या असतील. आणि आता न दाखवता पाटावर बसून, वाकून, घर सारवून, माटवीला, म्हणजे गणपतीवरच्या फळा-पानांच्या छताला, हात वर करून मणका पुरता बसला, तर गणपतीच्या दिवसांतच त्या खाटेवर असतील आणि घर पाहुण्यांनी भरलेलं असेल. हे त्यांना नक्की कळेल, ज्या बाईने इतकी वर्षं एकटीने घर सांभाळलं तिला हिशोब कळतो. या वर्षी तुम्ही चार दिवस आधी जा. जाताना ब्लीचिंग पावडर आणि तारेचा ब्रश न्या, मागल्या दारच्या चिऱ्याच्या पायऱ्या घासून काढा आणि एका बाजूला धरायला पाइप बसवून घ्या. मोदक आईंनीच वळावेत, पण जमिनीवर बसून नको. उंच टेबल, पाठीला टेकू असलेली खुर्ची, आणि उकड मळायला तुम्ही.